ड्रायव्हरच्या दाराखालचा डाग

(सूरत, कतारगाम. १९८१. दिवेलागण जवळ आलेली. अंगणात डिझेलची अँबेसेडर उभी, तिच्याखाली मेकॅनिक निंबा. बाजूला वाकून मंगला. ओट्यावर तिच्या सासूबाई, मालतीबाई.)

मंगला : नीट बघा ना, निंबाभाऊ. कुठेतरी असणारच.

निंबा : बघूनच राहिलो, वहिनी. काल खालचं सगळं घासलेटनं धुतलं, पुसलं, तुमच्या शाळेतल्या खडूची पूड मारली. थेंब जरी गळता तरी पूड भिजती. टाकीपासून पंपापर्यंत पाइप पांढराफटक शे.

मंगला : आणि परतीचा?

निंबा : तोबी साव कोरा, एक थेंब नही. भाईदास रविवारी येणार ना गाडी विकत न्यायला?

मंगला : गळती काढल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतो. पण मला भाईदासची पडलेली नाही. मलाच कळायला हवंय. रोज दिवेलागणीला घरात डिझेलचा वास येतो. हे घरी आले की यायचा, तस्साच. मी हातातलं टाकून दार उघडते. बाहेर ही गाडी, आणि फरशीवर ओला डाग. ते गेले हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, मलाही आहे, तरी रोज दार उघडते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. गळती निघाली तर मी वेडी नाही, एवढंच.

निंबा : कामरेजच्या हायवेवरून ही गाडी मीच आणली, वहिनी. मधूभाऊनं बाजूला लावली, हँडब्रेक ओढला नि मग मान टाकली. गाडीला ओरखडा नही. गळेल कशानं?

मंगला : म्हणजे मलाच काहीतरी झालंय.

निंबा : थांबा, थांबा. डाग कुठं शे बघा. ड्रायव्हरच्या दाराखाली. इथून पाइप जातच नही. आणि गळतीचा डाग थेंबाथेंबानं पडतो. हा ओघळ शे. कुणीतरी ओतलंय.

मंगला : कोण ओतेल? घरात मी आणि आई.

मालतीबाई : मीच ओतते.

मंगला : आई?

मालतीबाई : डिकीत त्याचा डिझेलचा डबा शे ना, त्यातलं. वाटीभर. तू शाळेतून येऊन आत गेली की.

मंगला : अहो, पण का?

मालतीबाई : तू त्याचे कपडे धुतले, उशीची खोळ धुतली. त्याचा वास कुठंच राहिला नही व. पोरगं यायचं तं आधी डिझेलचा वास यायचा, मग तो. म्हटलं, तेवढं तरी येऊ दे.

मंगला : आणि मी रोज धावत दाराशी जात होते, ते दिसत नव्हतं तुम्हाला?

मालतीबाई : दिसायचं ना. तेच तं बघत बसायची मी.

मंगला : काय?

मालतीबाई : तू पदर सावरत दार उघडायची. तुझ्या तोंडाकडे पाहिलं की मले घडीभर वाटायचं, आला.

मंगला : मला वेड लागायची वेळ आली होती, आई! वर्गात पोरींसमोर पाढे विसरायला लागले मी. भाईदासला गाडी देते म्हटलं ते यासाठीच. आणि तुम्ही गप्प बसलात!

मालतीबाई : चुकलं माझं. काय बोलायचं ते बोल. देऊन टाक गाडी. डबाबी देऊन टाक.

निंबा : माई, रडू नका. उठा, आत चला.

मंगला : आज ओतलंत?

मालतीबाई : नही. निंबा गाडीखाली होता ना. हा कालचा डाग.

मंगला : तरी वास येतोय.

निंबा : माझ्या कपड्यांचा शे, वहिनी.

मंगला : हो. कळतंय मला.

निंबा : अंधारून आलं. मी निघतो. कतारगामच्या नाक्यावर भाईदास भेटेलच, चहाला बसतो तिथं. काय सांगू? ये म्हणू रविवारी?

मंगला : आई, डोळे पुसा बघू. तिथे ओट्यावर नका बसू, गार लागतंय. खुर्ची दारासमोर घ्या.

निंबा : वहिनी?

मंगला : भाईदासला सांगा, गळती अजून सापडली नाही.