वर्गातलं जनावर

माझं तेव्हा कोणी ऐकलं नाही, अजून ऐकत नाहीत. शाळेत खिचडी मी शिजवते. नवे गुरुजी घाटावरचे, येऊन आठवडा झालेला. मी खिडकीतून ओरडले, "गुरुजी, वर्गात जनावर शिरलां, पोरांका भायर काढा."

आम्ही सापाचं नाव घेत नाही, जनावरच म्हणतो. पोरं ताडकन उठली.

गुरुजी खेकसले, "शेळीला काय घाबरता? खाली बसा. मावशी, हाकला तिला."

गुरुजींच्या धाकाने पोरं बसली, माझी वनितापण. ते तिच्या पायावरून सरपटत गेलं. पोर हलली नाही.

गुरुजी टेबलावर चढले. "मावशी, साप आहे हा."

"ताच सांगत होतंय."

पालकसभेत चूक माझ्याच माथी मारली. सापाला साप कोणी म्हटलं नाही, तर म्हणे पार्वतीने, म्हणजे मी.