ओव्हरबीचा खटका

नाही, तिथं नका बसू बाई, ती आर्विलची जागा — बरं बसा, बसा, तो काही इतक्यात येत नाही. पट्टी बदलायला गेलाय डॉक्टरकडे. जाताना म्हणाला, होलिस, ओव्हरबीबाई येणारेत चाकू बघायला, चाकू तुझ्याजवळच आहे, तो त्यांना दे आणि मी येईपर्यंत बोलत बस त्यांच्याशी. बोलत बस म्हणे. दुसरं केलंय काय आम्ही या बाकावर आजवर — देवदाराचे तुकडे तासायचे आणि बोलायचं. हा घ्या. फडक्यात गुंडाळून ठेवलाय. आर्विलच्या मुलीनं नळाखाली धरून रक्त तेवढं धुतलं, त्यानंतर कुणाला हात लावू दिला नाही मी. उघडा की, तुम्हीच घडवलेला आहे. फक्त तुम्ही उघडलात तर बंदही तुम्हीच करायचा, दुसऱ्याच्या हाती उघडा द्यायचा आणि उघडाच परत घ्यायचा, असा नियम आहे बाकाचा — पण तुम्हाला काय सांगायचं, तुमचे वडील यायचे ना इथं, कोर्टाच्या पायरीवर बसून उकडलेल्या शेंगा खायचे. कमी बोलायचे. तुम्ही पण तशाच दिसताय.

वाद कसले होतात विचारताय? कसले म्हणजे — कुठल्या नावाचा चाकू उगाच डोक्यावर घेतलाय, याचे. दुसरा विषय नाही. तो समोर टोपी घालून बसलाय ना, तो ओडेल, शाळेची बस चालवायचा, त्याला विचारलंत तर जगातला प्रत्येक महाग चाकू फुकटचा मिरवतोय. जपानी पोलादाचं नाव काढलं की म्हणतो, कोंबडीच्या हाडाला टेकलं की टवका उडतो, मग काय नुसतं नाव चघळायचं? स्विस म्हटलं की म्हणतो, ती काय, दात कोरायची पेटी आहे. आणि मी — माझं मत सगळ्या चौकाला पाठ आहे. चाकू म्हणजे आमच्या वडलांच्या वेळचा. हाडाची पिवळी मूठ, साधं काळं पडणारं पोलाद, सफरचंद कापलं की निळी झाक येते ना, ते. उघडं पातं अडवून धरायला खटका बिटका काही नाही. खटका कुणाला लागतो? ज्याला स्वतःची बोटं सांभाळता येत नाहीत त्याला. हे मी किती वर्षं म्हणत आलोय, आणि लोक हसायचे, आर्विल सगळ्यांत मोठ्यानं.

काय करताय? पात्याची पाठ आपटताय होय. आपटा, आपटा, बाकाला सवय आहे, या खाचा सगळ्या त्याच्याच. पातं उघडायचं, पाठ लाकडावर हाणायची, खटका धरला तर चाकू चांगला — हं. मिटला बघा. बघितलंत ना? एका फटक्यात मिटला. मी काय म्हणत होतो. वाईट नका वाटून घेऊ बाई, तुमच्या वडलांच्या चाकूंचं नाव मोठं होतं, पण नाव एक आणि — पुन्हा आपटताय? बोटं सांभाळा हं. पुन्हा मिटला. झालं तर मग. आता काय राहिलं बघायचं? चहा मागवू का? गार चहा, साखरेचा, समोरच मिळतो. नको? बरं.

त्याचं झालं असं — संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेला आर्विल, कुत्र्याच्या गळपट्ट्याला नवीन भोक पाडायचं होतं. टोक टेकवलं चामड्याला, जोर देऊन पिळलं, आणि पातं मिटलं ते सरळ बोटांवर. उजव्या हाताची. पहिल्या दोन बोटांच्या शिरा — ज्यांनी बोट वाकतं त्या — दोन्ही गेल्या. शिवल्यात म्हणे. पण डॉक्टर काही बोलत नाही नीट. तो बघा तिकडे कोपऱ्यावर लाल-पांढरा खांब, ते दुकान त्याचं. बंद आहे तेव्हापासून. न्हावी माणूस हो, बाई. कात्री कशात धरणार? या गावातल्या निम्म्या पोरांचे पहिले केस त्यानं कापलेत, माझ्या पोरांचेही. आता मी त्याच्या दारावरून जात नाही, मागच्या गल्लीनं येतो. का म्हणजे? लांब पडतं, पण सावली असते तिकडून.

तुमचे पण हाल झालेत ऐकलं. ऑर्डरी परत घेतल्या लोकांनी? ओडेल गेला होता ना चाकूंच्या जत्रेला, त्यानं टेबला-टेबलाशी जाऊन सांगितलं, ओव्हरबीचा खटका सुटतो, आमच्या आर्विलची बोटं गेली. मी होतो तिथं. होतो म्हणजे शेजारीच उभा होतो. त्याला गप्प बस म्हणायला हवं होतं, नाही म्हणालो. उलट कुणी विचारलं की, खरंच का हो — तर मान हलवायचो. एकदा तर मीच सांगितलं सगळं, गळपट्ट्यापासून, आणि जरा वाढवूनच सांगितलं. लोक गोळा झाले होते. बऱ्याच दिवसांनी माझ्याभोवती लोक गोळा झाले होते, काय सांगू. आणि तुम्ही पलीकडच्या रांगेत आपल्या टेबलामागे एकट्या बसल्या होता, मी बघितलं तुम्हाला. तुम्ही नाही बघितलं मला. ते बरं झालं.

ते काय काढलंत पिशवीतून? भिंग होय. ह्या उन्हात काय दिसणार त्यातून. माझं ऐका, खटक्याचं तोंड घासून गोल झालं असणार, तेवढंच असणार, पोलाद मऊ असेल, होतं कधी कधी, कुणाच्याही हातून होतं, तुम्ही काही मुद्दाम — नाही? नाही म्हणता? कोपरा तसाच्या तसा आहे? मग असेल दुसरं काहीतरी. मी काय तज्ज्ञ आहे का? आहे म्हणा. इथं तरी होतो. बाकावर कुणी नवीन चाकू आणला की आधी माझ्या हातात यायचा. मी उघडायचो, कानाशी धरून बंद करायचो, आवाज ऐकायचो, आणि मग जे म्हणेन ते. होलिस म्हणाला बरा, तर बरा. होलिस म्हणाला फालतू, तर माणूस घरी जाऊन पहिल्या दिवशी विकायला काढायचा. आर्विल आणि मी तर पोरवयापासून एकत्र, जुन्या चाकूंसाठी कुठं कुठं भटकलोय, त्याच्या ट्रकमध्ये झोपलोय. त्याला पण माझ्यासारखाच पिवळ्या मुठीचा आवडायचा. आणि एक दिवस येतो आणि हे काढतो खिशातून. ओव्हरबी. तुमच्या यादीत नाव घालून कधीपासून थांबला होता, मला एका शब्दानं बोलला नव्हता. मला, बाई. आणि ओडेल, जो जन्मात महाग चाकूला चांगलं म्हणाला नाही, तो म्हणतो, आहा, काय खटका आहे, बँकेची तिजोरी बंद होते तसा वाजतो. झालं, सगळा बाक आर्विलकडे. मी तासत बसलो. रोज तेच. आर्विल, जरा दाखव. आर्विल, तुला काय वाटतं. माझ्याकडे बघून कुणी विचारेना की बाबा, तू जिवंत आहेस का.

मी म्हणायचो, आपटून बघ. खरा असेल तर आपट की बाकावर सगळ्यांसमोर. तो म्हणायचा, माझा चाकू मी कशाला आपटू, मला ठाऊक आहे तो कसला आहे. आणि हसायचा. त्याचं हसणं तसं वाईट नव्हतं हो. आता कळतंय. त्या वेळी मला ते इथं लागायचं, छातीत.

काडीनं काय खरवडताय? — अहो, मळ असतो आत, खिशातला. धागे, तंबाखू, काय काय. वास काय घेताय त्याचा?

बरोबर. मधमाशीचं मेण आहे ते.

तासून झालं की लाकडाला चोळतो आम्ही, चकाकी येते. माझ्याजवळ असतं. नुसतं माझ्याजवळ असतं, ओडेलला नाक शिंकरायला रुमाल नसतो, मेण कुठलं असणार. आता हे तुम्हाला मी कशाला सांगतोय? विचारलंत कुठे तुम्ही. नुसत्या बघताय माझ्याकडे. तुमचे वडील पण असेच बघत राहायचे आणि माणूस आपला आपण सगळं ओकायचा.

शेवटी कबूल झाला होता आर्विल. म्हणाला, बरं बाबा, उद्या दुपारी आपटतो, सगळ्यांसमोर, तुझ्या जिवाला शांती मिळू दे. दुसऱ्या दिवशी आला, उघडला, आणि उघडाच माझ्या हातात दिला — बघून घे म्हणाला, मग पुन्हा म्हणू नकोस की नीट बघू दिलं नाही. माझ्या अंगठ्याला मेण होतंच. म्हणजे होतंच असं नाही, लावलं मी. मांडीआड धरून खटक्याच्या तोंडावर दाबलं, आत, जिथं तो पात्याला टेकतो तिथं, म्हणजे जोर पडला की घसरेल. मला वाटलं, आपटेल, मिटेल, हसतील सगळे, माझं खरं होईल. आपटताना मूठ बाजूंनी चिमटीत धरतात, बोटं पात्याच्या वाटेत नसतात, कुणाला काही होत नाही. मग मी घरी नेऊन पुसून देईन. एवढंच. देवाशपथ एवढंच होतं मनात. मी चाकू परत दिला, उघडाच, नियमाप्रमाणे. त्यानं हात वर केला आपटायला, आणि दुकानातून हाक आली, कुणीतरी खुर्चीत येऊन बसलं होतं, लग्नाला जायचं होतं त्या माणसाला. आर्विलनं चाकू मिटला, खिशात टाकला, म्हणाला, उद्या रे. आणि रस्ता ओलांडून गेला.

हाक मारायची होती. इथून दुकान ते काय. संध्याकाळपर्यंत मी इथंच बसून होतो, तो आत केस कापत होता, मला काचेतून दिसत होता. जाऊन काय म्हणणार होतो? आर्विल, चाकू दे जरा, मेण लागलंय त्याला? कसं लागलं म्हणाला असता. ओडेल हसला असता. त्या हसण्याला भ्यालो मी, बाई. एका माणसाच्या हसण्याला. उद्या आपटेलच, असं म्हणून घरी गेलो आणि जेवलो सुद्धा पोटभर.

आणि सगळ्यांत वाईट काय माहितीये? दवाखान्यात मी गेलो तर आर्विल पट्टीतला हात वर करून सगळ्यांना सांगत होता — नर्सला, मुलीला, पाद्रीबाबांना — होलिस बरोबर बोलत होता, मीच मूर्ख, मी त्याचं ऐकलं नाही. आणि चाकू माझ्या हवाली केला. म्हणाला, तुझ्यावर माझा भरवसा आहे, कुणी हात लावायला नको, ओव्हरबीबाईंना नीट बघता आला पाहिजे. तुम्ही स्वतः फोन केला होतात ना त्याला, त्याचं फार वाटलं त्याला. दुसरं कुणी असतं तर वकील पाठवला असता, म्हणाला.

मग पुसलं का नाही — हेच ना? हेच विचारायचंय तुम्हाला. किती वेळा फडकं सोडलं मी. चिंधी आणि रॉकेल घेऊन बसलोय स्वयंपाकघरात. पुसलं असतं तर खटका धरला असता, तुम्ही आला असता, आपटून बघितला असता, नाही मिटला — तर सगळे म्हणाले असते, आर्विलनंच नीट उघडला नव्हता, म्हातारा झाला. नाही पुसलं तर तुमचं नाव खराब. दोन्हीकडे मी आपला सुरक्षित. एवढा हिशेब सुचला मला, आणि तरी हात चालेना. मला वाटतं कुणीतरी बघावं असंच होतं मनात. म्हणजे मला तोंड उघडायला नको. बघा, त्यातही कामचुकारपणाच.

आता तुम्ही सांगा त्याला. तुमच्याकडे भिंग आहे, तुमच्या कामाची इज्जत आहे, तुमच्या तोंडून — नाही? मान हलवू नका अशी. अहो, तुमचं नुकसान झालंय, तुम्हाला हक्क आहे. ओडेलला हाक मारा, सगळ्यांना बोलवा, मी नाही म्हणणार नाही. फक्त मला नका लावू सांगायला. चाकू परत का देताय माझ्याकडे? उघडा का देताय? —

तो आला. आलाच बघा, दवाखान्याच्या बाजूनं, लंगडत नाही काही नाही, पण हात असा पोटाशी धरून चालतो आता. बघितलंन आपल्याला. हसतोय. तुम्ही जा बाई. मोटारीत बसा वाटलं तर, पण इथं नको. मी पळून जाणार नाही. जा म्हणतो ना.

ये रे. बस. गेल्या त्या, येतील परत, मोटारीतून काही आणायचंय त्यांना. काय म्हणाला डॉक्टर? — हं. — बरं. बाहीचं बटण सुटलंय तुझं, पट्टीवरून लागत नसेल एका हातानं. आण, हात दे इकडे. दे रे, काही होत नाही. ... आर्विल, ऐक. त्यांचा चाकू चांगला आहे. खटक्याला मी मेण लावलं होतं त्या दिवशी, तुझ्याच हातून घेऊन. तुझं तोंड बंद करायला.

हात काढून नको घेऊस. बटण अर्धंच लागलंय.