सवयींचा रकाना

विमलाबाई : पॅडची चिकट बाजू खाली, सर. तुम्ही उलटं धरलंय.

सावळीराम : विमल, हे मीच शिकायला हवं असं नाही. शेजारी सिंधुबाई आहेत. त्यांना सांगून ठेवू.

विमलाबाई : मी गेल्यावर सिंधुबाई पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत येतील. पुढं त्यांचं घर हाय त्यांना.

सावळीराम : असं अभद्र बोलू नकोस.

विमलाबाई : डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं. तुम्ही खिडकीतून गंगापूर रोडची ट्रॅफिक बघत बसला, म्हणून काय ऐकू आलं नाय? दोन महिने म्हणले. सोळा दिवस गेले त्यातले.

सावळीराम : सव्वीस वर्षांची मुलगी आहे. बापानं तिचं हे असलं...

विमलाबाई : आपली संजू अंगानं सव्वीस. डोक्यानं चार वर्षांची. ती नाय लाजणार. लाज तुमची हाय, ती ठेवा बाजूला आन् परत करून दाखवा.

सावळीराम : ...चिकट बाजू खाली. हे दोन पंख बाहेर वळवायचे. बरोबर?

विमलाबाई : बरोबर. आता तारीख जवळ आली हे कसं कळणार?

सावळीराम : कसं कळणार?

विमलाबाई : कॅलेंडरवर मी लाल गोल करते ना.

सावळीराम : ते दुधाचे खाडे नाहीत?

विमलाबाई : दूधवाला दर महिन्याला पाच दिवस लागोपाठ खाडा करतो? चौदा वर्षं? आन् सकाळचा चहा तुम्ही काय पाण्याचा पीत होता?

सावळीराम : मी कधी विचारलं नाही.

विमलाबाई : नाय विचारलं.

संजना : सर. पाणी.

सावळीराम : देतो हं. हे घे. विमल, एक सांग, तू सगळं मुद्देसूद सांगत जा. मी वहीत उतरवून घेतो.

विमलाबाई : वही नको. तुम्ही वही शोधस्तोवर पोरगी भिजून बसेल. डोक्यात ठेवा. तिला हिरवा टॉवेल लागतो, दुसरा लावला तर ओरडते. डोक्यावरून पाणी घालायच्या आधी 'आलं पाणी' म्हणायचं. गोळी गुळाच्या खड्यात. आन् कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तिचे कान धरायचे.

सावळीराम : तुझे हात कुकरला, मग कान कोण धरतं?

विमलाबाई : तीच धरते. मी नुसती सांगते, 'संजू, कान.' तुम्ही पेपर वाचत असता तेव्हा.

सावळीराम : पस्तीस वर्षं शिकवलं मी. वर्गात साठ-साठ पोरं. नाकाचं चित्र, काळजाचं चित्र, फळ्यावर असं काढायचो की इन्स्पेक्टर उभे राहून बघायचे. मेंदूसुद्धा काढायचो. रंगीत खडूंनी.

विमलाबाई : ठाऊक हाय. त्या मेंदूला फिट आली तर काय करायचं, ते होतं का चित्रात?

सावळीराम : ...पुस्तकात नव्हतं.

विमलाबाई : माझ्या उशाखालचा तो कागद द्या इकडं.

सावळीराम : कुठला?

विमलाबाई : तुम्ही पेपरच्या रद्दीत लपवून ठेवला होता तो. त्या संस्थेचा फॉर्म. मी वाचला काल.

सावळीराम : मी तुला सांगणारच होतो. पिंपळगावच्या पुढे आहे, हायवेपासून आत. झाडं आहेत, मोकळी जागा आहे. बायकाच सांभाळतात. विमल, मी बहात्तरचा आहे. मला जमायचं नाही ते. मला भीती वाटते तिची.

विमलाबाई : पाठवू नका असं मी म्हणले का?

सावळीराम : नाही.

विमलाबाई : मोत्यासारखं अक्षर हाय तुमचं. नाव, जन्मतारीख, रक्तगट, सगळं भरलंय. 'सवयी व घ्यावयाची काळजी' म्हणून रकाना हाय, तेवढा कोरा.

सावळीराम : तो तुला विचारून भरणार होतो.

विमलाबाई : जे बापाला ठाऊक नाय ते त्या परक्या बाईला कोण सांगणार? तिकडं ओरडली की मारतील. टॉवेलासाठी ओरडते हे कुणाला कळणार नाय. पाठवायची तर पाठवा, पण कोरी पाठवू नका.

सावळीराम : ...सांग. पुढचं सांग.

विमलाबाई : फिट यायच्या आधी ती ओठ चाटते. आन् डाव्या हाताचा अंगठा चुरते. तेव्हा तिला खाली बसवायची. पडली की कुशीवर वळवायची, डोक्याखाली मऊ काहीतरी. गळ्याचं बटण सोडायचं. हातपाय दाबायचे नाय. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर नाकात तो फवारा मारायचा आन् एकशे आठला फोन. फवारा फ्रीजवरच्या डब्यात.

सावळीराम : आणि तोंडात...

विमलाबाई : तोंडात काय घालायचं नाय. ते तुम्हाला ठाऊक हाय.

सावळीराम : म्हणजे?

विमलाबाई : माझी आई गेली तेव्हा मी विंचूरला होते. तीन दिवस. परत आले तर पोरीचा पुढचा दात अर्धा. पायरीवर पडली म्हणाला तुम्ही.

सावळीराम : विमल...

विमलाबाई : पायरीवर पडली तर तोंडात, टाळूला कशी जखम होईल? आन् त्या दिवसापासून चमचा दिसला की ती भिंतीला चिकटते. अकरा वर्षं हातानं जेवते. मला काय कळलं नसेल?

सावळीराम : दात आवळले होते तिनं. जीभ तुटेल म्हणाले सगळे. दारात माणसं जमली. कुणी चप्पल हुंगवत होतं, कुणी कांदा. चमचा घाला, चमचा घाला. मी घातला. जोर लावला मी, विमल. कट असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. नंतर तिच्याजवळ एकट्यानं बसायचा धीरच झाला नाही.

विमलाबाई : मला तेव्हाच सांगितलं असतं तर तेव्हाच शिकवलं असतं. मी बोलले नाय, ही माझी चूक. मलाच सगळं करायची सवय लागली. लय गोड वाटायचं, माझ्यावाचून तिचं चालत नाय ते.

सावळीराम : थांब. थांब जरा. संजू? विमल, ती ओठ चाटतेय. अंगठा बघ.

(चटईवर बसलेली संजना एका कुशीला कलंडते. तिच्या हातातला पेला घरंगळत खाटेखाली जातो.)

सावळीराम : संजू, मी आहे. मी आहे हं. पाट बाजूला. उशी, उशी दे... नको, माझा सदराच घालतो. कुशीवर. विमल, ह्याच कुशीवर ना? विमल? ...असू दे. बटण. सहा वाजून बारा. हात नाही धरायचे. नाही धरायचे.

सिंधुबाई : सर, काय पडलं? अगं बाई. थांबा, कांदा फोडून आणते.

सावळीराम : नको, सिंधुबाई.

सिंधुबाई : अहो, दात बघा कसे आवळलेत. एखादा चमचा तरी...

सावळीराम : चमचा आणायचा नाही. नाकाला काही लावायचं नाही. फ्रीजवरचा डबा द्या आणि पंखा लावा. दारातल्या लोकांना जायला सांगा. सहा चौदा. विमल, लाळ येतेय, फेस येतोय तिला. येऊ दे ना? ...येऊ दे. बाहेर येऊ दे. संजू, बाळा, आलं पाणी, काही नाही, आलं पाणी. सहा पंधरा. डबा उघडा सिंधुबाई, हातात तयार ठेवा. ...सुटली. हात सुटले तिचे. श्वास चालू आहे. चालू आहे.

सिंधुबाई : झोपली का?

सावळीराम : झोपू द्या. पाणी नाही द्यायचं इतक्यात. हिरवा टॉवेल तेवढा द्या, ओली झालीये. मी पुसतो. तुम्ही जा आता, काही लागलं तर हाक मारतो.

सिंधुबाई : बरं, सर.

सावळीराम : विमल, एक शब्द बोलली नाहीस तू. मी विचारत होतो. दोनदा विचारलं. जीव जात होता माझा.

विमलाबाई : माझाबी जात होता. उशीचा अभ्रा दातात धरला होता.

सावळीराम : मग का नाही बोललीस?

विमलाबाई : मी नसल्यावर ह्या घरात काय होतं, ते मला एकदा बघायचं होतं.

सावळीराम : मान पुसतो तिची आधी.

विमलाबाई : पुसून झालं की कोरडा गाऊन घाला तिला. दुसऱ्या कप्प्यात हाय.

सावळीराम : फॉर्मला जागा फार थोडी आहे, विमल. त्या रकान्यात मावणार नाही हे सगळं.

विमलाबाई : जोडकागद लावा.

संजना : आई.

सावळीराम : विमल, जागी होतेय. तुला बोलावतेय.

विमलाबाई : ऐकलं मी.

संजना : आई.

सावळीराम : अगं, हाक मारतेय ती.

विमलाबाई : तुम्ही ओ द्या.