पाळण्याच्या एकेचाळीस प्रतींपैकी चाळीस नष्ट झाल्याबाबत

जबाब
दि. १२ फेब्रुवारी २०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव : मृत्युंजय सिद्रामप्पा कलशेट्टी. वय : ७८ वर्षे. व्यवसाय : सेवानिवृत्त प्राध्यापक, तर्कशास्त्र. राहणार : प्लॉट क्र. १४, बसवकृपा सोसायटी, विजापूर रोड, सोलापूर.

मी कोणी बोलावले नसताना पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी महानंदा, वय ७३, हिच्यासह राहतो. आमच्या बैठकीच्या खोलीत एक संगणक आहे. तो आम्ही दोघे वापरतो. गेले वर्षभर तो सुरू होण्यास अकरा मिनिटे लागत. बटण दाबून मी चहा ठेवत असे. चहा पिऊन, कप विसळून येईपर्यंत पडद्यावर गोल चक्र फिरत असे.

दि. ८ रोजी सकाळी दहा वाजता मी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणारे श्री. गुरुशांत यांना घरी बोलावले. त्यांनी तपासणी करून सांगितले, "सर, मशीन चांगलं हाय. सुरू होतानाच अठरा प्रोग्रॅम एकदम उठत्यात की! दारात जत्रा भरल्यावर घरात कोण शिरणार?" त्यांनी त्यांपैकी चौदा बंद केले, तात्पुरत्या फायली काढल्या आणि सफाईचे एक सॉफ्टवेअर बसवून ते कसे चालवायचे ते मला दाखवले. निघताना दारात उभे राहून ते म्हणाले, "सर, फोटो आणि लिखाणाला हात लावू नका हं. काकूंचं लई काय काय हाय त्यात." हे वाक्य मी स्पष्ट ऐकले होते. ते नोंदवावे अशी माझी विनंती आहे.

त्यानंतर संगणक सुरू होण्यास चार मिनिटे लागू लागली. याहून वेग वाढणे शक्य आहे, असे माझे अनुमान झाले. दि. ९ रोजी दुपारी पत्नी शेजारी हळदीकुंकवास गेली असता मी स्वतः सफाईस बसलो. तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये मला 'पाळणा १', 'पाळणा २' अशा क्रमाने 'पाळणा ४१' पर्यंत एकेचाळीस फायली दिसल्या. एका घरात एका पाळण्याच्या एकेचाळीस प्रती असण्याचे कारण मला आढळले नाही.

येथे माझ्या व्यवसायाचा खुलासा आवश्यक आहे. मी बावीस वर्षे न्यायशास्त्राच्या, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्राच्या, हस्तलिखितांचे संपादन केले. त्या कामाचा नियम असा, की सर्वांत जुनी प्रत सर्वांत शुद्ध. नंतरचा प्रत्येक लेखनिक पदरचे काही घालतो. या नियमानुसार मी सर्वांत जुनी प्रत, म्हणजे 'पाळणा १', राखली आणि उरलेल्या चाळीस प्रक्षिप्त समजून काढून टाकल्या. प्रती उघडून पाहिल्या नाहीत. त्यानंतर कचरापेटी रिकामी केली. सॉफ्टवेअरने विचारलेल्या सर्व चौकटींत मी खुणा केल्या. त्यांपैकी एक 'मोकळी जागा कायमची पुसा' अशी होती. सर्व पर्याय निवडले असता काही राहून जात नाही, असा माझा विचार होता. काही राहिले नाही.

संगणक आता एक मिनिट पन्नास सेकंदांत सुरू होतो. वेग वाढला, ही बाब वादातीत आहे.

'पाळणा १' मध्ये दोन ओळी आणि किराणा सामानाची यादी आहे. एकदा वीज गेल्याने पत्नीचे लिखाण पुसले गेले होते. तेव्हापासून नवे कडवे सुचले किंवा जुने बदलले की आधीच्या सर्व कडव्यांसह ती नव्या क्रमांकाची फाईल करी. म्हणजे शेवटची प्रत हीच पूर्ण प्रत होती. आमची नात सृष्टी हिला सहावा महिना लागला तेव्हा पत्नीने हा पाळणा रचावयास घेतला. सृष्टीच्या मुलीचे बारसे येत्या रविवारी, दि. १६ रोजी, करमाळा येथे आहे. तेथे पत्नी हा पाळणा म्हणणार आहे, असे दोन्हीकडच्या नातेवाइकांस कळवून झाले आहे.

दि. १० रोजी सकाळी पत्नीच्या हे लक्षात आले. तिने मला विचारले, "अहो, माझा पाळणा कुठं गेला?" मी म्हणालो, "गुरुशांत येऊन गेले होते." हे विधान सत्य होते. त्यावरून तिने जो निष्कर्ष काढला, तो मी खोडून काढला नाही. गुरुशांत यांनी येऊन दोन तास खटपट केली, परंतु पुसलेले काही परत आले नाही. कोणी पुसले हे त्यांना कळले होते. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर, मी काय बोलत नाही." आणि बोलले नाहीत.

मी पत्नीस सुचवले, की रचना तिची असल्याने तिला ती पाठ असणार. ती म्हणाली, "लिहून ठेवलं म्हणूनच तर डोक्यातनं काढून टाकलं की! एकेक ओळ दहादा बदलली. शेवटची कुठली, मला काय माहीत?" काल, दि. ११ रोजी, तिने गुरुशांत यांच्याविरुद्ध या ठाण्यात अर्ज दिला. रात्री तिने मला ताट वाढले, पण भाकरी आणखी हवी का असे विचारले नाही. त्रेपन्न वर्षांत असे प्रथमच घडले.

सदर अर्जाबाबत माझे म्हणणे, न्यायशास्त्रातील अनुमानाच्या रीतीने, पुढीलप्रमाणे. गुरुशांत निर्दोष आहेत, ही प्रतिज्ञा. ते गेल्यानंतर फायली शाबूत होत्या, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण.

या ठिकाणी हवालदार श्री. कुंडलिक खटके यांनी लिहिणे थांबवून विचारले, "सर, आगबी लागली हुती का? मग ती येगळी नोंद करावी लागंल." आग लागलेली नव्हती. उदाहरण मागे घेतो. फायली मी काढल्या.

श्री. खटके म्हणाले, "सर, सोताच्या घरात, सोताच्या कॉम्प्युटरवर, सोताच्या बायकूची फाईल पुसली. ह्याला कलम कुटलं लावू?" मी कलमासाठी आलेलो नाही. सत्य माझ्या तोंडून लिहिले जावे, यासाठी आलो आहे.

पत्नी गुरुशांत यांना घेऊन सकाळी ११.५० वाजता ठाण्यात आली. अर्ज मागे घ्यावा म्हणून ते सकाळीच तिला भेटले होते. वरील मजकूर तिला वाचून दाखवण्यात आला. ती माझ्याकडे पाठ करून बाकावर बसली. नंतर श्री. खटके यांना म्हणाली, "त्यांना म्हणावं, रविवारी पाळण्याजवळ उभं राहून किराणाची यादी वाचा."

त्यावर मी पुढील माहिती दिली, जी आजवर कोणास दिली नव्हती. पत्नी रोज दुपारी तीन ते चार संगणकापुढे बसून कडवी हलक्या आवाजात म्हणून पाहत असे. मी त्याच खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून असे. मी झोपलो आहे असा तिचा समज होता. तो मी दूर केला नाही. मला पाळणा येतो. ज्या विधानावर आक्षेप घेतला ते मी विसरत नाही, आणि माझा जवळजवळ प्रत्येक कडव्यावर आक्षेप आहे.

गुरुशांत म्हणाले, "मग सांगा की सर! बॅकअप इतका वेळ खुर्चीतच हुता व्हय?"

श्री. खटके यांच्या संमतीने मी कडवी एक ते सोळा सांगितली. ती पुरवणी पान म्हणून सोबत जोडली आहेत. कडवे चार व नऊ कानडीत असल्याने ती श्री. खटके यांना दोनदा सांगावी लागली. कडवे सात असे : "चांदोबा उतरून धरी दोरी हाती, तारका वाकून काजळ लाविती." चंद्रास हात नाहीत. हा आक्षेप मी नोंदवला आणि श्री. खटके यांनी तो लिहिण्यास नकार दिला. कडवे अकरामध्ये मी 'गोधडी' सांगितले. पत्नीने 'दुपटे' अशी दुरुस्ती केली. सोळा कडवी झाल्यावर पाळणा पूर्ण झाला, असे मी म्हणालो.

पत्नी म्हणाली, "सतरा आहेत."

सतरावे कडवे तिने एकेचाळिसाव्या प्रतीत लिहिले होते, पण मी जागा होईन या शंकेने हलक्या आवाजातही म्हटले नव्हते. ते तिने बाकावर बसूनच, भिंतीकडे पाहत सांगितले :

"पणजोबा पुसती, कशावरून खरे?
बाळीने धरले बोट, गप्प झाले बरे!
जो जो गे बाळी, जो जो."

या कडव्यातील घटना दि. २६ जानेवारी रोजी करमाळा येथे घडली होती. त्या वेळी खोलीत अन्य कोणी नाही, असा माझा समज होता.

पत्नीने अर्ज मागे घेतला आहे. पुरवणी पानाची प्रत तिला आजच मिळावी.

वरील जबाब पुरवणी पानासह मला मोठ्याने वाचून दाखवला; पाळण्याचा भाग श्री. खटके यांनी चालीवर वाचला. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सतराव्या कडव्यावर माझा आक्षेप नाही.

(सही) मृ. सि. कलशेट्टी