डायनॅमोची सवय

(घाटकोपर, आग्रा रोडला लागून असलेलं गॅरेज. १९८४ सालातली एक संध्याकाळ. दारात जुना ट्रॅक्टर, मागे पाण्याने भरलेली टाकी जोडलेली. म्हातारा मिस्त्री धाकू, ट्रॅक्टरवाला कुंडलिक आणि त्याची बायको मीरा.)

धाकू : बारा व्होल्टचाच आहे ना रे झिला? लॉरीचा चोवीसचा उचलून आणलास तर बॅटरी चहासारखी उकळेल.

कुंडलिक : बाराचाच आहे, काका. कुर्ल्याच्या भंगारबाजारात चार चारदा विचारून घेतलाय. म्हटलं, डायनॅमो नको, ऑल्टरनेटरच दे.

धाकू : डायनॅमोत काय वाईट होतं? ह्यात माझी हयात गेली.

कुंडलिक : चढावर पहिल्या गियरात इंजिन रडतं, तेव्हा डायनॅमो काय देतो? दिवे मिणमिणतात. हा हळू फिरला तरी चार्जिंग देतो, असं दुकानदार म्हणाला.

मीरा : अहो, गप्पा नंतर मारा. अंधार पडायला आलाय. वर वस्तीतला नळ परवापासून कोरडा आहे.

धाकू : होतंय गो चेडवा. तुझ्या नवऱ्याला विचार, ह्या ट्रॅक्टरची बॅटरी उलटी बसवलेली होती की नाही? प्लस बॉडीला. तसाच जोडला असता तर आज वाट लागली असती. आधी ती फिरवली. डायनॅमोचा जुना कटआऊट काढून टाकला, ह्याला तो लागत नाही. ही जाड वायर बॅटरीला, ही बारीक चार्जिंगच्या बल्बाला. बघ, कशी झकास बसलीय.

मीरा : मागचा लाल दिवा लागेल ना? मला बाकी काही कळत नाही. तो लागल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्याला लागणार नाही.

कुंडलिक : अगं, तेच तर चाललंय.

मीरा : माझ्या भावाचा पाय गेलाय त्या दिव्यापायी. माणिक मागे टाकीवर बसला होता, दिवा बंद, आणि ट्रकवाल्याला टाकी दिसलीच नाही. तुम्ही पुढे होता म्हणून वाचलात. मला परत इस्पितळाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत.

धाकू : कुंडलिक, हँडल मार. बॅटरीत काय दम नाही, हँडलवरच चालू होईल.

कुंडलिक : मारतो... हं... लागलं! काका, बल्ब विझला बघा!

धाकू : विझला म्हणजे चार्जिंग घेतंय. दिवे लाव.

मीरा : लागला! लाल लागला, अहो! केवढा लख्ख!

कुंडलिक : सुटलो बुवा. चला, निघतो. वर वस्तीत विमला बाळंतीण आहे, तिच्याकडे तर घोटभरही नाही म्हणे.

धाकू : थांब रे. अजून तपासायचं राहिलंय.

कुंडलिक : आता काय?

धाकू : चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची. तरी दिवे जळत राहिले तर माल खरा.

कुंडलिक : काका, दुकानदार म्हणाला, ह्याला तसं करायचं नाही. आतलं काहीतरी जळतं म्हणाला. डायोड का काय ते.

धाकू : दुकानदार! तो विकायला बसलाय, तो बोलणारच. पोराटोरांना सुद्धा ठाऊक असलेली रीत आहे ही.

मीरा : पण सांगितलंय ना त्याने? मग कशाला हात लावायचा?

कुंडलिक : मीरा, तू गप. काका मोठे आहेत.

धाकू : ऐक गो. मागच्या वेळी ह्याला घाई होती. बॅटरीवर दिवे लागलेले नुसते बघितले आणि जा म्हटलं. वायर काढून बघितली असती तर डायनॅमो मेलेला तेव्हाच कळला असता. माणिकचा पाय माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आता मी तपासल्याशिवाय सोडणार नाही.

मीरा : अहो, तुम्ही तरी बोला!

कुंडलिक : ...काका, राहू दे ना.

धाकू : एवढंच ना, ही काढली बघ.

मीरा : अगं बाई!

कुंडलिक : लावा! परत लावा, काका! केवढे पेटले हो दिवे... गेले. सगळे गेले.

धाकू : लावली. लावली रे. घट्ट लावली. पेटत का नाहीत?

मीरा : जळल्याचा वास येतोय.

कुंडलिक : चार्जिंगचा बल्बही मेला. पुढचे, मागचे, सगळेच.

धाकू : डायनॅमोला असं कधी झालं नव्हतं. देवाशप्पथ, कधी झालं नव्हतं.

मीरा : भीड भिकेची बहीण, म्हणतात ते खोटं नाही. माहीत असून तोंडातल्या तोंडात बोललात. आणि मला गप म्हणालात.

कुंडलिक : चुकलं माझं. पण आता भांडून काय? अजून थोडा उजेड आहे. ट्रॅक्टर सावकाश नेतो.

मीरा : आणि चढावर अंधार पडला की?

धाकू : मी मागे बसतो. कंदील घेऊन. येणाऱ्या ट्रकला हलवून दाखवत राहीन.

मीरा : माणिक तिथंच बसला होता.

धाकू : म्हणून तर मी बसतो म्हणतोय.

मीरा : नाही, काका. अहो, इंजिन बंद करा.

कुंडलिक : अगं, लोक तिकडे हंडे मांडून बसलेत!

मीरा : बंद करा म्हणते ना! हां. आता तुम्ही पायी वर जा. म्हणावं, ट्रॅक्टर येत नाही, पाणी खाली गॅरेजपाशी आहे. हंडे, डबे, जे असेल ते घेऊन या. शिव्या घालतील, ऐकून घ्या. रस्त्याच्या कडेने उतरतील आणि कडेनेच जातील.

कुंडलिक : एवढ्या लांब?

मीरा : पाय आहेत त्यांना. निघा तुम्ही.

कुंडलिक : निघतो.

धाकू : गेला बिचारा. मीरा, मी टाकीच्या तोटीवर बसतो. भरून देतो सगळ्यांना.

मीरा : तोटीवर मी आहे.

धाकू : मग मी काय करू? आणि ती बाळंतीण? ती कशी उतरणार गो?

मीरा : तिचा हंडा तुम्ही न्यायचा. चढ मोठा आहे, काका. बसत बसत जा.