जुन्या कंपनीतला ढ प्रोग्रामर

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नंबराची वाट बघत बसलेल्या शिक्षिकाबाईंच्या कानावर शेजारच्या चाळिशीतल्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“नव्या गेममध्ये कंपनी चालवण्यात मजा नाही, ताई. चांगली माणसं आपणहून राजीनामा देतात.”

“आपल्या जुन्या गेममध्ये बाबा टिकले की.”

“तूच त्या प्रोग्रामरला बाबांचं नाव दिलंस. नेमका तोच ढ निघाला.”

“आणि तू ऊठसूट त्याला काढायला निघायचास.”

“कंपनी बुडायला आली होती गं.”

“बाबा मागे उभे राहून म्हणायचे, ‘काढ बघू मला.’”

“मग कसा काढणार?”

दुकानदाराने मान वर केली. “तुमच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क पार गेलीय. सगळं वाचणार नाही. फोटो वाचवू की तो गेम?”

“फोटो घरी आहेत,” ताई म्हणाली. “गेम वाचवा. बाबा अजून तिथे कामावर आहेत.”