व्हर्सायचा तह आणि सामायिक विहीर

मंडळी, एक सांगा — भांडणात जिंकल्यावर समोरच्याकडून किती घ्यावं? पाणी घ्यावं, बांध घ्यावा… त्याचा मानही घ्यावा? अहो, इतक्यात डोलू नका, आधी ऐका!

एका गावात हैबतराव. दार मोठं, आवाज त्याहून मोठा! सून सुलक्षणा. पदरात दहा महिन्यांचा मल्हार, आणि वर बी.ए.चं दुसरं वर्ष! विषय? आधुनिक जगाचा इतिहास! पोराला पायांवर न्हाऊ घालायची आणि तोंडानं — "एकोणीसशे चौदा, महायुद्ध सुरू… डोळे मिट रे राजा, साबण जाईल… एकोणीसशे एकोणीस, व्हर्सायचा तह!" तुमच्या लेकरांना काऊचिऊची गोष्ट, याला जर्मनी-फ्रान्सची!

तर, हैबतरावांची आणि शेजारच्या शिवरामची विहीर सामायिक. पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षं कोर्ट. हैबतराव जिंकले! पेढे वाटले, आणि म्हणाले, "शिवरामला आठवड्यातून दोन दिवस पाणी देतो. पण मी सांगेन त्या कागदावर सही केली तर!" घरात अक्षर कुणाचं चांगलं? सुनेचं!

"लिही — 'तंट्याचा सगळा दोष माझा आणि माझ्या घराण्याचा. चावडीसमोर हात जोडून कबूल करतो.'"

सुलक्षणानं पेन खाली ठेवलं.

"काय गं? शाई संपली?"

"मामंजी, हे मी वाचलंय. व्हर्सायच्या तहात हरलेल्या जर्मनीकडून असंच लिहून घेतलं होतं."

"बरोबरच केलं!"

"वीस वर्षांनी पुन्हा युद्ध झालं. पहिल्याहून मोठं."

"एका ओळीनं?"

"नाही. सर सांगतात, कारणं पुष्कळ होती. पण ती ओळ ऐकतच तिथली पोरं मोठी झाली."

हैबतराव तापले! "मला शिकवतेस? उद्यापासून कॉलेज बंद!"

आता बोला! तुम्ही काय केलं असतं? मी तर गुमान लिहिलं असतं, खोटं कशाला सांगू! पण ती —

"बंद तर बंद. ही ओळ माझ्या हातून होणार नाही. वीस वर्षांनी तुम्ही थकलेले असाल, मामंजी. हा वीस वर्षांचा असेल. शिवरामकाकांचा नातूही. विहिरीवर हे दोघं समोरासमोर उभे राहतील."

आणि मल्हार काय करत होता? कागदाचा कोपरा चघळत होता! हिरड्या शिवशिवत होत्या त्याच्या!

हैबतरावांनी नातवाकडं पाहिलं. मग हळूच — "त्या वेळी त्या जिंकलेल्यांना सांगणारं कुणी नव्हतं का गं?"

"होते. कुणी ऐकलं नाही."

म्हातारा उठला. टोपी चढवली. "कागद राहू दे त्यालाच खायला. मी शिवरामकडं जातो. पाळ्या तिथंच बसून ठरवू." उंबऱ्यावरून वळले, "आणि तू अभ्यासाला बस! त्या जर्मनीचं पुढं काय झालं, ते मला संध्याकाळी सांगायचंय."

मंडळी, असा एक कागद आपल्या प्रत्येकाकडं आहे. भावासाठी, जावेसाठी. लिहिलेला नसेल, पण तोंडपाठ आहे — 'आधी दोष कबूल कर, मग बोलू!' तुमचा कुणासाठी आहे? ते माणूस कदाचित याच मंडपात बसलंय, चार ओळी मागं. उठा! जा त्याच्याजवळ! मी थांबते. टाळकरी, तुम्हीही थांबा. कुणी तरी उठू दे, मगच आरती!